दूध न येणारं पान

लिहिण्याएवढी माझी योग्यता नाही. घरात कॉलेजला गेलेला मी पहिला, आणि त्या पहिलेपणाच्या तोऱ्यातच ही चूक झाली. म्हणून आधी माफी मागतो.

बाबांना आठ दिवस आव पडत होती. लूमवरची ड्युटी बंद होती. आव पडली की आमच्याकडे कुड्याच्या सालीचा काढा देतात. मामा खारबावहून साल घेऊन आला, सोबत पानाफुलांची डहाळी. पण खात्री त्यालाच नव्हती.

"कुड्याचं पान तोडलं की दूध येतं. ह्याला दिसलं न्हाय. उन्हानं आटलं असंल?"

"मी कॉलेजात ताडून बघतो, मामा."

अंथरुणावरून बाबा म्हणाले, "म्हणजे आता साहेबांची सही झाल्यावरच काढा."

डहाळी वहीत दाबून नेली. प्रयोगशाळेत कुड्याचा वाळवून कागदाला चिकटवलेला नमुना होता. पानं समोरासमोर, तशीच. फुलं झुपक्यात, तशीच. वाळल्यावर रंग सगळ्यांचा तपकिरीच, आणि दुधाचं तर कागदावर काहीच कळत नाही. मधल्या सुट्टीत घरी धावलो. "कुडाच आहे," म्हणालो. आईनं लगेच साल उकळायला ठेवली. मी परत कॉलेजात.

दुपारी प्रॅक्टिकलला सरांनी वहीतली डहाळी उचलली.

"शिरा बघ, पानाच्या बुडापासूनच निघाल्यात. हा काजरा. विषारी असतो. कशाला आणलास?"

 वही तिथंच टाकून पळालो.

घराला कुलूप होतं. शेजारची चाची म्हणाली, "तेरे बाबा का जबडा अकड गया. मामा रिक्षा में ले गया, अम्मी भी साथ गई." कुठल्या दवाखान्यात, तिला माहीत नव्हतं. आमच्या गल्लीत फोन एकच, बाबांच्या लूममालकांच्या ऑफिसात. निरोप आला तर तिथेच येणार, म्हणून तिथे गेलो. मालकांनी स्टूल पुढे केलं. मला बसवेना.

फोन वाजला. मामा होता. डॉक्टर झाडाचं नाव विचारत होते. लूमच्या खडखडाटात मी ओरडून सांगितलं, "काजरा."

"भाच्या, तू तर कुडा म्हणालास."

"चुकलं माझं."

त्यानं फोन ठेवला.

संध्याकाळची शिफ्ट लागली तरी मी तिथेच उभा होतो. पुन्हा फोन आला तेव्हा माझा हात पुढे होईना. मालकांनीच उचलला, बराच वेळ ऐकलं, मग रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे वळले.

"झटके थांबले, बेटा. पाणी मागतोय तुझा बाप."