पत्ता नाही टाकला तर

मंगळवार. ढगाळ, वारा अजिबात नाही. काल्हेरच्या गोदामात पंखेसुद्धा घामाघूम.

काळजी घेणारा माणूस किती मोठा घोळ घालू शकतो, ते ऐकायचंय? मग चहा गार होऊ द्या.

आमच्या गोदामातून पडदे जातात. लेबलं छापायचा प्रोग्राम मीच लिहिला, स्वतः शिकून. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची, मग बिल नंबर, आणि पुढे वाटलं तर पत्ता. पत्ता नाही टाकला, तर प्रोग्रामने कल्याणचा मंडपवाला धरायचा, कारण रोजचं गिऱ्हाईक तोच. याला म्हणतात डिफॉल्ट.

आता मी पडलो सावध. चाचणी करताना चुकून कोणाच्या नावाचं लेबल निघू नये, म्हणून डिफॉल्टच्या जागी निजामपुऱ्यातल्या माझ्या घराचा पत्ता घातला. चाचणी उत्तम झाली. पत्ता तिथेच राहिला.

सकाळी गोदामातून माल पाठवणाऱ्या सलीमभाईंनी मंडपवाल्याचा माल काढला. संध्याकाळी त्याच्या मंडपात कोणाची तरी हळद. दुपारी त्याचा फोन, "भाऊ, पाहुणे यायला लागले, मंडप उघडा आहे. माल कुठाय?"

मी सलीमभाईंना विचारलं, "पत्ता टाकला होता ना?"

"आपने ही बोला था, मर्जी हो तो डालो. मर्जी नहीं थी."

तेवढ्यात टेम्पोवाल्याचा फोन. "साहेब, माल उतरवला. वहिनींनी सही केली. चहा पन दिला."

"अरे, पण माझ्या घरी कसा?"

"लेबलावर तुमचाच पत्ता हाय. माजी चूक न्हाय."

मी बायकोला फोन लावला. ती फारच गोड आवाजात बोलली.

"अहो, दिवाळीपासून मागत होते, पण एवढे आणाल असं वाटलं नव्हतं. हॉलचे दोन लावलेसुद्धा."

"लावलेस? ते मंडपाच्या उंचीचे आहेत."

"हो ना, लोळत होते. कापले."

मी बिलावर दोन पडद्यांची किंमत शोधू लागलो. तिचं चालूच होतं,

"रंग मात्र छान निवडलात हं."

"मी नाही. मंडपवाल्याने."

पलीकडे कात्री खाली ठेवल्याचा आवाज. मग, "टेम्पोवाला अजून चहाच पितोय. थांबवते त्याला."

माल हळदीआधी कल्याणला पोहोचला. दोन आखूड पडदे स्टेजच्या मागे लागले. आमच्या खिडक्या पुन्हा उघड्या झाल्या. डिफॉल्ट मी काढून टाकला. आता पत्ता न दिल्यास लेबल निघत नाही.

बुधवारी पहिलं लेबल काढायला मीच बसलो. पत्ता टाकायचा विसरलो. लेबल निघालं नाही.