गालाच्या हाडावरची काठी

लेकीने चहा कपाच्या बाहेर ओतला, त्याला अठरा दिवस झाले होते. टेबल पुसून झालं होतं, फडकं धुऊन वाळलंही होतं, पण आईच्या मनातून तो चहा काही जात नव्हता. धार कपाच्या दोन बोटं अलीकडे पडत होती आणि लेक मान जराशी कलती करून अगदी निवांत ओतत होती. कप भरतोय, अशी तिची खात्री होती.

लेक छत्तीस वर्षांची. तिला लहानपणापासून सगळे फूटपट्टी म्हणत, कारण शाळेत असताना तिने टेबल, खिडकी, आजोबांचं नाक, जे हाताला लागेल ते मोजून वहीत लिहिलं होतं. "हिचा नवरा मापाचा शोधावा लागेल," असं आजोबा म्हणायचे. मापाचा मिळाला नाही. संसार चार वर्षांत मोडला. त्याआधी विमा कंपनीतली नोकरी सुटली होती, त्यानंतर शाळेतली गणिताची सुटली. धड ना इकडे ना तिकडे असं चाललेलं असताना बंदराजवळच्या संग्रहालयाला जुनी उपकरणं दुरुस्त करणारं माणूस हवं होतं. तिथे मात्र ती नऊ वर्षं टिकली. संग्रहालयामागच्या पत्र्याच्या खोलीत रंधा, कानशी, सरसाचं भांडं आणि फूटपट्टी. एकदाची मार्गी लागली म्हणून आईने तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला होता. आता तिला वाटायचं, घोडं तिथेच अडलं.

कारण तिथे फूटपट्टीला ती काठी भेटली. नाव क्रॉस-स्टाफ, पण घरात सगळे काठीच म्हणत. हातभराहून लांब, चौकोनी लाकडी काठी आणि तिच्यावर मागेपुढे सरकणारी आडवी पट्टी. काठीचं टोक डोळ्याखाली, गालाच्या हाडावर टेकवायचं. पट्टी सरकवत जायचं, खालचं टोक क्षितिजाला आणि वरचं सूर्याला टेकेपर्यंत. मग काठीवरच्या खुणेवर सूर्याची उंची वाचायची आणि त्यावरून आपण उत्तर-दक्षिण कुठे आहोत ते ठरवायचं. चारशे वर्षांपूर्वीचे खलाशी असंच करायचे, भर माध्यान्ही, उघड्या डोळ्यांनी. त्यांतल्या कित्येकांचा एक डोळा जायचा. पुढे कोणाच्या तरी डोक्यात आलं, की सूर्याकडे पाठ करून सावलीवरूनही हेच मोजता येतं, आणि नवं उपकरण निघालं.

"बघ, तेसुद्धा शहाणे झाले, पाठ फिरवून उभे राहिले," आई एकदा म्हणाली होती. "तू कधी होणार?"

"त्यांना जवळजवळ शंभर वर्षं लागली, आई. मला जरा वेळ दे."

संग्रहालयाच्या कोठीत एक अस्सल जुनी काठी होती. बनवणाऱ्याने कोरलेल्या खुणांच्या शेजारी दुसऱ्याच कोणाचे तरी बारीक ओरखडे होते आणि प्रत्येक ओरखडा खुणेपासून केसभर सरकलेला. सगळे म्हणत, ते ओरखडे काढणारा खलाशी अडाणी असणार. फूटपट्टीला ते पटेना. चूक लाकडात होती की माणसात, हे तिला शोधायचं होतं. तिने तशीच काठी बनवली, तितक्याच वजनाची, त्याच मापाची, आणि दर दुपारी बाराला गच्चीवर जाऊन सूर्य मोजू लागली. आलेल्या लोकांना वाटायचं, प्रात्यक्षिक चाललंय. शाळेची मुलं टाळ्या वाजवायची. वेल्डिंगच्या दुकानातून आईने जाड काळी काच आणून दिली, तर लेक म्हणाली, "काचेतून सूर्याची कड सरकते गं. त्याच्याकडे कुठे काच होती?"

"तो मेला चारशे वर्षांपूर्वी! त्याची चूक तू का निस्तरतेस?"

फूटपट्टी हसली नाही. "जन्मभर दुसऱ्यांनी घातलेली गणितं सोडवली मी. हे एकच माझं आहे."

आईला ते अजून टोचत होतं. त्या दिवशी ओरडायला हवं होतं, हात धरून ओढायला हवं होतं. तिने काय केलं, तर लेकीचे गाल उन्हाने सोलतात म्हणून क्रीमची ट्यूब आणून दिली. पांढरं, घट्ट क्रीम.

चहा सांडल्यावर तिसऱ्या दिवशी आईने तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जवळजवळ फरफटत नेलं. डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात बराच वेळ पाहिलं. पडद्याचा मधला भाग भाजलाय, म्हणाले. भरून येईल का, असं आईने विचारलं तेव्हा ते चष्मा पुसत राहिले. "डावा चांगला आहे, तो जपा," एवढंच म्हणाले.

परतताना बसमध्ये फूटपट्टीने डावा डोळा हाताने झाकला आणि आईकडे बघितलं. "गंमत आहे. तुझे कान दिसतात, आई. मधला चेहराच नाही."

आईने तिचा हात डोळ्यावरून खाली ओढला.

"हे संग्रहालय चालवणाऱ्या बाईंना सांगायचं नाही," लेक पुढे म्हणाली. "कळलं तर त्या मला खोलीतसुद्धा येऊ देणार नाहीत. मग मी काय करू? पुन्हा तुझ्या स्वयंपाकघरात बसून भिंती मोजू? सांगितलंस तर तुझं तोंड बघणार नाही."

"आता काच लावशील?"

"लावेन."

"माझ्या गळ्याला हात लावून सांग."

तिने गळ्याला हात लावला. आईने विश्वास ठेवला. ठेवला म्हणजे काय, दुसरं करणार काय?

आज सकाळी फूटपट्टी घाईत गेली. रोजच्या काठीची पट्टी सैल झाली होती. ती काठी घरीच ठेवून तिने नवी नेली होती. अकरा वाजता आई झाडू घेऊन तिच्या खोलीत गेली. काठी टेबलावर पडली होती. तिने ती उचलून खिडकीशी धरली. टोकाच्या उजव्या कोपऱ्यावर क्रीमचा जुना डाग होता, पिवळा पडलेला, धूळ खाल्लेला. उजव्या गालाचा डाग. महिनोन्‌महिने तिथेच टेकलेला गाल.

डाव्या कोपऱ्यावर दुसरा डाग होता. ताजा, डाव्या गालाचा. नख लावलं तर पांढरं निघत होतं.

आईने टेबलाचा खण उघडला. काळी काच वेल्डिंगवाल्याच्या कागदात तशीच होती, चिकटपट्टीसुद्धा सुटलेली नव्हती. शेजारी लेकीची वही. शेवटच्या आठवड्याचे आकडे शेजारी लिहिलेल्या सूर्याच्या खऱ्या उंचीपासून थोडे थोडे सरकत गेले होते. खाली फूटपट्टीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, "त्याची चूकही याच बाजूला. लाकूड बरोबर होतं. त्याला कड दिसत नव्हती."

म्हणजे उत्तर सापडलं होतं. तरी ती आज गच्चीवर गेली होती.

आई पलंगावर बसली. काठी मांडीवर होती. आता लेकीशी बोलून उपयोग नव्हता, पालथ्या घड्यावर पाणी. ती पुन्हा गळ्याला हात लावेल आणि पुन्हा जाईल. बाईंना सांगितलं तर खोली जाईल, रंधा जाईल, नऊ वर्षांत उभं राहिलेलं एवढंसं आयुष्य जाईल, आणि लेक खरंच तोंड बघणार नाही. तिचा हट्ट आईला ठाऊक होता, कारण तो तिच्याकडूनच लेकीत आला होता. नाही सांगितलं तर एक दिवस लेक तोंड बघायला म्हणून मान वळवेल आणि तिला दोन कान दिसतील. दोन्ही वाटांच्या शेवटी आईला काहीच उजेड दिसत नव्हता. डाव्या डोळ्यात एव्हाना काय झालं असेल, हेही तिला माहीत नव्हतं. कदाचित उशीर झालाच होता.

घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते. बाहेर ऊन लख्ख होतं, आभाळात नावाला ढग नव्हता. गच्चीचा जिना चढायला फूटपट्टी पावणेबाराला निघते.

आईने काठी भिंतीशी उभी केली, पदराला हात पुसले आणि फोन घेतला. संग्रहालयाच्या बाईंचा नंबर तिने नऊ वर्षांत कधी लावला नव्हता.

तिने तो लावला.