उजवी बाजू तापत नाही

चेन्नईत कुणी गाडीला गरम होणारं स्टिअरिंग बसवून घेतं, यावर कोण विश्वास ठेवेल? इथे दुपारी उन्हात लावलेल्या गाडीचं स्टिअरिंग आधी ओल्या फडक्यानं पुसावं लागतं, मगच धरता येतं. पण सकाळी ऑफिसला जाताना गाडीतल्या एसीनं माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गार पडायचं. काही महिने हे चाललं होतं. एसी बंद केला तर घामानं जीव नकोसा व्हायचा. मी रोज कुरकुर करायचे.

नवरा अंबत्तूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. थंड देशांत जाणाऱ्या गाड्यांची तसली स्टिअरिंग त्यानं पाहिली होती. एका रविवारी तो मला ओळखीच्या गॅरेजमध्ये घेऊन गेला. स्टिअरिंगचं कातडं उसवून आत तापणारी जाळी बसवायची आणि वरून नवं कातडं शिवायचं, असा बेत होता. गॅरेजवाल्यानं ऐकून घेतलं आणि तो हसतच सुटला. "सार, चेन्नईत हीटर?" त्यानं दोनदा विचारलं. तरी काम नीटनेटकं झालं. डाव्या हाताला एक छोटं बटणही आलं.

सोमवारी नवऱ्याला कारखान्यावर सोडायला मीच गाडी चालवत होते.

"झालं का गरम?" त्यानं विचारलं.

"डावीकडे छान उबदार आहे. उजवी बाजू तापतच नाहीये."

"थांब, वाढवतो."

रस्त्यात गर्दी होती. डावा हात गिअरवर, उजव्या हाताची कड स्टिअरिंगवर टेकलेली, अशी मी कितीतरी वेळ बसून होते. "अजून काही नाही रे," मी पुन्हा म्हणाले. त्यानं बटण शेवटपर्यंत नेलं.

कारखान्याच्या फाटकाशी गाडी थांबवली तेव्हा त्यानं तपासायला म्हणून उजव्या बाजूला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

"अगं, भाजतंय हे! हात काढ!"

मला वाटलं, चेष्टा करतोय. मी हात उलटा केला. करंगळीखालचा तळवा लालबुंद झाला होता आणि मधोमध फोड टरारून वर आला होता. मी त्या फोडाकडे पाहत होते आणि मला काहीही दुखत नव्हतं. नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला होता. जाळी तिथे दुमडली असणार, असं तो पुटपुटत राहिला. पण आम्हा दोघांनाही कळलं होतं की प्रश्न जाळीचा नाही.

तो कामावर गेलाच नाही, मला थेट दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाई तमिळ होत्या, शांत बोलायच्या. त्यांनी भाजलेलं बघितलं, मग मला डोळे मिटायला सांगून हाताला काहीतरी लावलं.

"गरम की गार?"

"गार."

"आणि हे?"

"तेही गारच."

डोळे उघडले तर त्यांच्या हातात दोन नळ्या होत्या. एकीतून वाफ येत होती. त्यांनी माझ्या कोपरामागची नस चाचपली, बाही वर केली आणि दंडावरच्या फिकट चट्ट्यावर बोट ठेवलं. तो चट्टा मी उन्हाचा समजत होते. पुढे तपासण्या झाल्या. बोटं एसीनं गार पडत नव्हती, नस बधिर होत चालली होती. त्यानंतर त्यांनी मला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "लेप्रसी आहे. गोळ्यांनी पूर्ण बरी होते."

कुष्ठरोग. दुसरं वाक्य मला ऐकूच आलं नाही. मी, शिकलेली, चांगल्या नोकरीतली, रोज आंघोळ करणारी... असलेच विचार डोक्यात येत होते. आणि आपल्या डोक्यात हे येतंय, याचाही धक्का बसत होता.

त्या संध्याकाळी मी माझं ताट-वाटी वेगळी काढून ठेवली. नवऱ्यानं ती उचलून बाकीच्या भांड्यांत घातली आणि पहिल्यांदाच माझ्यावर ओरडला, "डॉक्टर काय म्हणाल्या, ऐकलंस ना? मग हे काय चालवलंयस?" दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याला आणि आमच्या मुलीला तपासलं. दोघांच्या अंगावर काही नव्हतं. तेव्हा कुठे मला रडू आलं.

साताऱ्याला आईला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नकोस हं."

रोगाचं नाव ऐकून बसला होता, त्याहून मोठा धक्का मला या वाक्यानं बसला. "ऑफिसात सांगितलंय, आई," मी म्हणाले. तिनं फोन ठेवून दिला. पण आठवड्याभरात ती स्वतःच चेन्नईला येऊन थडकली. आल्या आल्या माझा हात हातात घेऊन तो उलटसुलट पाहत बसली.

वर्षभर गोळ्या घेतल्या. रोग गेला. मधल्या काळात वाकलेली करंगळी अजून पूर्ण सरळ होत नाही, पण तिला स्पर्श कळतो. आई आली की अजूनही त्या बोटाला तेल चोळत बसते.