गुडघ्यातली रिकामी जागा

लातूरला बारावीच्या क्लाससाठी खोली घेतली, तेव्हा आई स्वयंपाकाला म्हणून माझ्यासोबत राहायला आली. आमच्या मजल्यावर अशा चार आया होत्या. मुलांच्या क्लासच्या वेळा पाहून भाकरी टाकायच्या.

आईचा उजवा गुडघा भूकंपापासून दुखायचा. भिंतीचा दगड त्यावर पडला होता. मी तेव्हा कडेवर होते. छावणीतल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून हाड मोडलेलं नाही असं सांगितलं. ती फिल्म आईने जपून ठेवली होती.

घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. कुणाचं काही दुखलं की मला विचारायचे. आईनेही विचारलं. मी ती जुनी फिल्म खिडकीशी धरली, पुस्तकातल्या आकृतीशी ताडून पाहिली आणि म्हणाले, "हाडं चांगली आहेत. रोज दहा वेळा जिना चढ-उतर कर, मोकळा होईल."

तिने केलं. शेजारची मावशी चिडवायची, "डॉक्टरीणबाईला पहिली पेशंट घरातच घावली." एके दिवशी जिना उतरताना आईचा पाय मुडपला. आत काहीतरी फाटल्यासारखं झालं, म्हणाली. माझी परीक्षा तीन आठवड्यांवर होती. मी क्रेप बँडेज बांधलं. ती पाय ओढत चालू लागली. "तुझा पेपर होऊ दे आधी," म्हणाली, आणि मी होऊ दिला.

मेडिकलला नंबर लागला नाही. नांदेडला बी.एस्सी.ला आले आणि बऱ्याच महिन्यांनी आईला तिथे सोनोग्राफीला नेलं.

डॉक्टर बाई होत्या. त्यांनी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली, थंड जेल लावलं. आधी डावा, चांगला गुडघा दाखवला. मांडीचा स्नायू एका जाड पट्ट्याने वाटीला जोडलेला असतो, तो पट्टा पडद्यावर बारीक समांतर रेघांसारखा दिसत होता. उजव्या गुडघ्यात त्या रेघा मधेच तुटलेल्या, टोक चुरगळलेलं. मग काळी जागा. त्यानंतर वाटी.

"मावशी, पाय सरळ ठेवून उचला."

आईने पलंगाची कड धरली. टाच उचलली गेली नाही.

"कधी झालं हे?"

"महिना झाला असंल," आई म्हणाली. "मोरीत घसरले."

मी गप्प राहू शकले असते. डॉक्टर लिहू लागल्या तेव्हा म्हणाले, "नाही मॅडम. सव्वा वर्ष झालं. जिना चढायला मीच सांगितलं होतं."

त्यांचा पेन थांबला. त्या रागावल्या नाहीत. "पट्टा आधीच अर्धवट फाटलेला असणार. तो एक्स-रेत दिसत नाही. लगेच आणलं असतं तर शिवता आलं असतं. आता टोक वर ओढलं गेलंय, स्नायूही सुकलाय. ऑपरेशन होईल, पण पाय पूर्वीसारखा होईल असं मी म्हणणार नाही."

बाहेर बाकावर आई पदराने गुडघा पुसत होती. "कशाला सांगितलंस त्यांना?"

"खरं होतं ते."

"खरं हाय म्हणून सगळ्यांला सांगायचं व्हय? तुझ्या बापाला मी मोरीतच पडले म्हणून सांगणार हाय. तू मधे बोलू नको, माय."

ऑपरेशन तिने करून घेतलं नाही. गावाकडे ती अजून मोरीचंच सांगते. ती पुन्हा घसरू नये म्हणून वडिलांनी मोरीत खरबरीत दगडी फरशी बसवली. मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.