न लिहिलेला नकार

टायरच्या दुकानावर दोन खोल्या आणि तिथे जाणारा जिना असा अरुंद, की खालून कोणी चढत असेल तर वरच्याने मुकाट थांबायचं. त्या खोल्यांत डॉक्टरबाईंनी एकतीस वर्षं दवाखाना चालवला. एरवी सर्दी-खोकला, मधुमेह, पाठदुखी. मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र वैमानिक. गावाबाहेरच्या लहानशा धावपट्टीवर हौसेने विमान उडवणारे पन्नासेक लोक होते. कोणी वकील, कोणी छापखानेवाला. त्यांना दर दोन वर्षांनी तब्येत धडधाकट असल्याचा सरकारी दाखला लागे, आणि तो द्यायचा अधिकार त्या भागात एकट्या बाईंना होता.

दाखल्याच्या बाबतीत बाई कोणाची भीडभाड ठेवत नसत. रंगांधळेपणा तपासायच्या रंगीत ठिपक्यांतले आकडे एक वकील पाठ करून आला, तेव्हा त्यांनी पानं उलटसुलट करून त्याचं पितळ उघडं पाडलं होतं. क्लबातले लोक त्यांना मागे 'चाळणी' म्हणायचे. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

अशा बाईंनी एकदाच चुकारपणा केला, तो सख्ख्या भावासाठी.

दादा त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे. शाळेत भूगोल शिकवायचे. फळ्यावर नदी काढता काढता त्यांना ती वरून कशी दिसत असेल याचं वेड लागलं आणि चाळिशीत ते विमान शिकले. दोन आसनांचं एक जुनं विमान त्यांनी तिघांत मिळून घेतलं. जगाच्या लेखी बाई डॉक्टर झाल्या, पण दादांसाठी त्या जन्मभर ठमीच राहिल्या.

एका वर्षी दादा नेहमीसारखे तपासणीला आले. बाईंनी छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी सरसर बाहेर येऊ लागली आणि मध्येच रेघ सपाट झाली. जेमतेम चार सेकंद. मग ठोके पुन्हा सुरू. बाईंनी खोदून विचारलं तेव्हा दादांनी सांगितलं, की महिन्यापूर्वी न्हाणीघरात डोळ्यांपुढे अंधारी आली होती आणि शुद्धीवर आले तेव्हा ते फरशीवर होते. घरी कोणाला बोलले नव्हते.

सरकारी फॉर्म टेबलावरच होता, अजून कोरा. त्यावर 'अपात्र' लिहिलं की ते कायमचं दादांच्या नावापुढे लागणार होतं. भावाचा चेहरा बघून बाईंना ते लिहवेना.

"दादा, तू आज इथे आलासच नाहीस असं धरू," त्या म्हणाल्या. "अर्जच करू नकोस. क्लबात सांग, हौस फिटली."

दादांनी मान डोलावली. हृदयाच्या डॉक्टरांकडे मात्र ते एकदाच गेले. छातीत यंत्र बसवू या असं त्यांनी सुचवल्यावर पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. उडायचं मात्र त्यांनी खरोखर सोडलं. तरी रविवारी धावपट्टीवर जायचे, विमान पुसायचे, फाटकवाल्याशी गप्पा मारून परत यायचे. बाईंनी कोरा फॉर्म फाडला. कागदाची पट्टी काही त्यांच्याने फाडवली नाही.

सहा वर्षांनी नवे नियम आले. हलक्या, हौशी विमानांसाठी सरकारने सगळं सुटसुटीत केलं होतं. डॉक्टरचा दाखला बंद. गाडीचं लायसन्स असलं आणि 'मी तंदुरुस्त आहे' असं स्वतः सही करून दिलं, की दिवसाउजेडी एक प्रवासी घेऊन उडायला मोकळीक. ज्याला पूर्वी अपात्र ठरवलं असेल, त्याला तेवढी ही सवलत नाही. परिपत्रक वाचताना बाईंना पहिल्यांदा आपल्या रिकाम्या होणाऱ्या मंगळवार-शुक्रवारची रुखरुख लागली. मग त्या शेवटच्या वाक्याशी आल्या आणि त्यांनी खणातली ती जुनी पट्टी बाहेर काढली.

दादा त्याच आठवड्यात आले. जिना चढून धापा टाकत होते, पण चेहरा खुलला होता.

"ठमे, माझ्या नावावर कुठे नकार आहे?"

"नाही."

"मग झालं तर."

"कागदावर नाही, दादा. तुझ्या छातीत आहे."

सहा वर्षांत एकदाही चक्कर आली नाही, असं दादा म्हणाले. खरं म्हणजे दोनदा आली होती, पण ते बाईंना फार उशिरा कळलं. त्यांनी परोपरीने समजावलं, शेवटी सरकारला कळवीन असा दम भरला. दादा नुसते हसले. जाताना म्हणाले, "कळव. मग माझी तपासणी तू का लपवलीस तेही तुला लिहावं लागेल."

ते धमकी देत नव्हते. बहिणीला ओळखून होते, इतकंच.

बाईंनी पत्र लिहिलं. पाकिटावर पत्ता घातला, तिकीट लावलं. मग वहिनींना विश्वासात घ्यावं म्हणून त्या घरी गेल्या, तर वहिनी भाजी निवडता निवडता सांगू लागल्या, "ताई, हे परत शीळ घालायला लागलेत. सहा वर्षं घरात नुसती सावली वावरत होती." बाई चहा घेऊन उठल्या. पाकीट पर्समध्येच राहिलं. उद्या टाकू, सोमवारी टाकू असं करत दिवस गेले. दादा एकदा उडाले, दोनदा उडाले, नऊ वेळा सुखरूप उतरले. दर वेळी बाईंचा जीव भांड्यात पडायचा आणि पाकीट आणखी जड व्हायचं.

दहाव्या खेपेला दादांनी फाटकवाल्याला सोबत घेतलं. बावीस वर्षं त्या माणसाने लोकांसाठी फाटक उघडलं होतं आणि विमानात एकदाही पाय ठेवला नव्हता. निघताना त्याने बायकोला फोन करून अंगणात उभं राहायला सांगितलं, वरून हात करीन म्हणून. ती उभी राहिली. विमान आलंच नाही. धावपट्टीपासून कोसभर अंतरावर, ओसाड माळावर ते नाकावर आपटलं होतं. दादा जागच्या जागी गेले. फाटकवाला वाचला, पण त्याचं कमरेखालचं अंग गेलं.

"साहेब मला नदी दाखवत होते," त्याने चौकशीच्या अधिकाऱ्याला सांगितलं. "बोलता बोलता गप्प झाले. बघितलं तर मान खाली."

अधिकारी बाईंकडेही आला, पण निव्वळ औपचारिकता म्हणून. जुन्या नोंदींत दादांचा शेवटचा दाखला स्वच्छ होता, त्यानंतर कुठेच काही नव्हतं. त्याने विचारलं, "त्यानंतर तुम्ही त्यांना कधी तपासलं होतं का?" बाईंनी नाही म्हटलं असतं तर तो चहा पिऊन निघून गेला असता. त्यांनी खण उघडला आणि पट्टी त्याच्यापुढे ठेवली. न पाठवलेलं पाकीटही ठेवलं. त्याने पट्टी दोनदा वाचली, मग पेनाचं टोपण काढलं आणि सगळं पहिल्यापासून सांगा म्हणाला.

बाईंचा परवाना गेला. खालच्या टायरवाल्याने पाटी उतरवायला मदत केली. अहवालात लिहून आलं, की वैमानिकाने आजार माहीत असताना खोटी सही केली. वहिनी तो अहवाल हातात घेऊन आल्या, दारातच उभ्या राहिल्या.

"तुम्ही मला सहा वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर मी यांचे पाय धरले असते," त्या म्हणाल्या. "नाहीतर आता तरी गप्प बसायचं होतं. शाळेत यांचा फोटो लावला होता, तो उतरवला."

वहिनी त्यानंतर पुन्हा आल्या नाहीत.

नियम तसेच आहेत. अर्जात तेवढा एक रकाना वाढला: तुम्हाला कधी बेशुद्धी आली होती का. तोही ज्याचा त्यानेच भरायचा.

बाई आता दर गुरुवारी दुपारी फाटकवाल्याच्या घरी जातात. एकच खोली, खिडकीला लागून पलंग. पडून पडून त्याच्या पाठीला जखमा झाल्या आहेत. परवाना गेला तरी जखम धुवायला कोणाची हरकत नाही. सुरुवातीला त्याची बायको दार उघडून बाजूला व्हायची आणि बाई असेपर्यंत बाहेर ओट्यावर बसून राहायची. हल्ली ती पाणी गरम करून ठेवते.

महिनाभरापूर्वी फाटकवाल्याने छताकडे बघत विचारलं, "बाई, तुम्हाला माहीत होतं म्हणतात. खरं का?"

"खरं," बाई म्हणाल्या.

बाई हातात ओला कापूस घेऊन तशाच उभ्या होत्या. मग त्याने पलंगाची कड दोन्ही हातांनी धरली, जोर लावून अंग एका कुशीवर ओढलं आणि पाठ त्यांच्याकडे केली.