बसवाल्या गेझीनेचा कोरा फोन

एकतीस वर्षं गेझीने हार्म्सने जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग शहराच्या रस्त्यांवर बस चालवली. निघण्याआधी बसभोवती एक फेरी मारायची, चाकं, दिवे, दारं, आरसे बघायचे, मगच किल्ली फिरवायची. निवृत्त झाली तरी ती खोड गेली नाही. सायकल काढतानाही ती आधी दोन्ही ब्रेक दाबून बघे. लग्न तिने केलं नव्हतं आणि त्याची तिला कधी खंतही वाटली नाही. शहराबाहेर भाड्याने घेतलेला बागेचा तुकडा होता आणि दर गुरुवारी दुपारी चौघांचा पत्त्यांचा डाव होता. दिवस बरे चालले होते.

त्या गुरुवारी तिने आपल्या बागेतल्या हिरव्या कोबीचे फोटो दाखवायला फोन डावातल्या टेओच्या हातात दिला. टेओचं बोट भलतीकडे लागलं, बातम्यांचं पान उघडलं आणि बातमीच्या डोक्यावर जाहिरातीतली एक पांढऱ्या केसांची हसरी बाई आली. टेओला जे दिसेल ते मोठ्याने वाचायची सवय. “खोकताना, हसताना लघवी गळते? लाजू नका,” त्याने वाचलं आणि मग त्याच्या लक्षात आलं.

टेओच्या बायकोने पत्ते तोंडासमोर धरले.

“तुझ्या कोबीला पाणी जरा जास्तच होतंय,” टेओ म्हणाला.

गेझीनेही हसली. न हसून करते काय. पण त्यानंतरचे तिन्ही डाव ती हरली, आणि चौथी भिडू आल्मुट, शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली, सत्तरी ओलांडलेली बाई, ती मात्र अजिबात हसली नाही हे तिला दिसलं.

सायकलवरून घरी जाताना गेझीनेच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हा त्रास तिने फक्त डॉक्टरीणबाईंना सांगितला होता. आणि एकदा, आपल्याच स्वयंपाकघरात बसून, फोनला विचारलं होतं. बसच्या मोठ्या आरशात तिने एकतीस वर्षं काय काय पाहिलं होतं. कोण कोणाच्या खांद्यावर डोकं टेकतं, कोण रोज एक थांबा आधी उतरून दुसऱ्याच घरी जातं, कोण मागच्या बाकावर रडतं. त्यातलं एक अक्षर तिने कुणाला सांगितलं नव्हतं. ते सांगायचं नसतं, एवढं तिला कुणी न शिकवता कळत होतं. आणि खिशात बाळगलेल्या या वस्तूला तेवढंही कळू नये?

बुधवारी ती वाचनालयात गेली. तिथे वरच्या मजल्यावर दुपारी बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करायला माणसं जमत. रुवेन नावाचा पन्नाशीचा पियानो-दुरुस्तीवाला फोन आणि संगणकांच्या टेबलावर बसे.

“काय बिघडलंय, हार्म्सबाई?”

“काही नाही. चालतो झकास. फक्त बोलतो फार.”

रुवेनने फोन उलटापालटा करून बघितला. “नशीबवान आहात. हा आमच्या यादीत बसतो. याच्यातली सगळी यंत्रणा पुसून दुसरी घालता येते. फोन हाच राहतो, पण चाकरी मात्र तुमची करतो. कुठलं खातं उघडायला नको, तुम्ही काय विचारलंत ते परस्पर कुणाला कळवणं नाही.”

“म्हणजे कुणालाच काही कळणार नाही?”

“तसं मी म्हणणार नाही. फोन कुठल्या टॉवरजवळ आहे ते कंपनीला कळणारच. आणि तुम्ही आपण होऊन कुठे नाव-पत्ता लिहिलात तर तो जाणारच. ही काही जादू नाही. पण सारखी कुजबुज चालते ना, ती पुष्कळशी थांबते.”

“करा मग.”

“मी नाही करत.” त्याने दोन्ही हात खिशात घातले. “तुम्हीच करायचं. मी बघतो. उद्या काही अडलं तर तुम्हाला माहीत हवं, मला नव्हे.”

गेझीनेला हा माणूस आवडला.

आत जे काही आहे ते सगळं जाणार, असं त्याने बजावलं, तेव्हा तिने आपल्या पद्धतीने फेरी मारली. फोटो दुसरीकडे उतरवले. फोन नंबर वहीत लिहिले, त्याला तासभर गेला. बॅटरी बघितली. मग सेटिंगमध्ये जाऊन आवृत्तीच्या आकड्यावर सात वेळा बोट टेकवलं, तेव्हा फोनने लपवलेला एक कप्पा उघडला. “सातच वेळा का?” तिने विचारलं. “चुकून कुणी सात वेळा टेकवत नाही म्हणून असेल,” रुवेन म्हणाला.

फोन केबलने संगणकाला जोडला, पण संगणकाला तो दिसेचना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. गेझीनेच्या कपाळावर घाम आला. रुवेनने हात खिशातून न काढता नुसतं हनुवटीने केबलकडे दाखवलं. ती घरच्या खणातली केबल होती, नुसती चार्जिंगपुरती. दुसरी लावल्याबरोबर काम पुढे सरकलं. मग पडद्यावर विचारणा आली, कुलूप काढू का, सगळं पुसलं जाईल. तिने आवाजाच्या बटणाने ‘हो’वर जाऊन दाबलं. पडदा काळा झाला. नवी यंत्रणा आत उतरायला दहा-बारा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात तिने खुर्चीवर हालचालही केली नाही.

“झालं,” रुवेन म्हणाला.

“झालं कसं? दार उघडंच आहे की. ते कोण लावणार?”

रुवेन पहिल्यांदा हसला. “बरोब्बर. ते कुलूप परत लावायला निम्मे लोक विसरतात.”

घरी नेलेला फोन अगदी कोरा होता. चार चित्रं आणि काळी पार्श्वभूमी. थोडी गैरसोय झालीच. बँकेचं काम चाललं, पण बसच्या तिकिटाचं ॲप चालेना, तेव्हा तिने खिडकीवर जाऊन कागदी पास काढला. खिडकीमागे तिच्याच जुन्या डेपोतली बाई होती. दोघींच्या गप्पा चांगल्या अर्धा तास रंगल्या.

शनिवारी आल्मुट बागेत आली. कपातल्या खडीसाखरेवर गरम चहा ओतून, साखर तडकल्याचा आवाज येईपर्यंत ती थांबली आणि म्हणाली, “माझ्या फोनचंही तोंड बंद करून दे.”

दोन वर्षांपूर्वी ती बर्फावरून घसरून पडली होती. तेव्हा मुलाने, हाउकेने, तिच्या फोनमध्ये असं काही बसवलं की ती कुठे आहे ते त्याला दूर हानोफर शहरात बसून दिसावं. सुरुवातीला तिलाही धीर वाटला. मग त्याचे फोन यायला लागले. आई, तळ्यावर काय करतेस? आई, तिकडे वेस्टरश्टेडे गावात दोन तास काय काम होतं?

“आणि काय काम होतं?” गेझीनेने विचारलं.

“नाचाचा वर्ग. एलर्टबरोबर.” आल्मुट कोबीकडे बघत होती. “घड्याळं दुरुस्त करायचा तो. हल्ली मी फोन घरीच ठेवून जाते. पावाच्या डब्यात.”

“म्हणजे वाटेत पडलीस तर?”

“तर पडून राहीन.”

गेझीनेने कप खाली ठेवला. “तुझा फोन आपण करू. पण आधी हाउकेला सांग. गुपचूप केलंस तर तो म्हणेल, आई भ्रमिष्ट झाली.”

“नंतर सांगते.”

“आधी.”

पुढच्या बुधवारी हाउके रजा टाकून वाचनालयात आला. उंच, नीटनेटका, दमलेला. “मी तुला कैदेत ठेवलंय असं म्हणतेस का तू? पुन्हा पडलीस तर मला कळायला नको?”

“पडले तर फोन करीन,” आल्मुट म्हणाली. “जवळ असला तर. आठ महिने झाले हाउके, बुधवारी आणि शुक्रवारी तुझ्या नकाशावर मी स्वयंपाकघरात असते. खरं तर तिथे फक्त फोन असतो. डब्यात.”

हाउके खाली बसला. “मग तू कुठे असतेस?”

“हे मला विचारायचं असतं. मला तोंड आहे.”

आणि तिने सांगितलं, वर्ग, तळं, एलर्ट, सगळं. हाउकेने आपली खुर्ची आईच्या खुर्चीजवळ ओढली. आल्मुट सात वेळा बोट टेकवताना पाचव्यानंतर चुकली. तो म्हणाला, “अजून दोन, आई.”

गेझीने समोर हात खिशात घालून उभी होती. रुवेनने तिला तसं सांगितलं नव्हतं, पण तिला ते जमून गेलं. यंत्रणा बसली, दार लागलं, आणि मग आल्मुटने स्वतःहून, पडलं तर एका बटणावर हाउकेला फोन लागेल अशी सोय करून घेतली. तिथल्या तिथे तिने ते बटण दाबून बघितलं. शेजारी बसलेल्या मुलाचा फोन वाजला आणि त्याने तो कानाला लावला.

“बोल, आई.”

“शुक्रवारी संध्याकाळी घरी नसेन,” आल्मुट म्हणाली. “शनिवारी जेवायला ये. एलर्टही असेल.”

हाउके गेला तो लगेच हो म्हणून गेला असं नाही. पण शनिवारी तो आईकडे जेवायला आला, आणि त्याला कोबी दोनदा वाढावा लागला असं आल्मुट सांगते.

आता बुधवारी वाचनालयात रुवेनच्या टेबलाशेजारी गेझीनेचं टेबल असतं. सगळेच टिकतात असं नाही. एक दंतवैद्य महिन्याभरात जुन्यावर परत गेले, त्यांना त्यांच्या वाहनतळाच्या ॲपवाचून करमेना. गेझीनेने त्यांनाही तेवढ्याच शांतपणे परत जायला मदत केली. नवीन माणूस आलं की ती पहिल्यांदा विचारते, “काय पुसलं गेलेलं चालणार नाही, ते सांगा.” मग माणसं खुर्चीवर बसतात, थोडा विचार करतात, आणि एकेक सांगायला लागतात. ती ऐकून घेते. बाहेर काही जात नाही.