एकशे पंधरा लिटरची फळी

माझ्या नवऱ्याने समुद्राच्या लाटांवर चालवायची छोटी फळी निवडली, तेव्हा आम्ही साकोलीला राहत होतो. साकोलीहून त्यातल्या त्यात सोयीचा समुद्र म्हणजे पुरीचा, आणि तिथे जायला मोटारीने पंधरा-सोळा तास लागतात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणाला उगाच आशा वाटायला नको.

त्याआधी त्याच्याकडे मोठी फळी होती. अकरा फुटी, हवा भरून फुगवायची, तिच्यावर उभं राहून लांब वल्ह्याने पाणी कापत फिरायचं. फोनवर कुठल्याशा परदेशी तळ्याचा व्हिडिओ पाहून त्याने ती मागवली होती. नोकरी पाण्याच्याच खात्यात. तलाव, कालवा, पाळ, गेट याच गोष्टी दिवसभर तोंडात. पोहता मात्र येत नव्हतं. म्हणून अंगात केशरी जॅकेट चढवून तो दर रविवारी एकोडीकडे, माझ्या माहेरच्या तलावात उतरायचा आणि पडायचा.

त्याच तलावात मी पोहायला शिकले होते. सातवीत गेल्यावर आईने ते बंद केलं. लग्नानंतर तर प्रश्नच नव्हता. जावई पाण्यात पडला तर गावाची करमणूक होते, लेक पडली तर चर्चा होते. मी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, डबा घेऊन बसायची. शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे पेपर तपासायला सोबत असायचेच.

तलावात एक म्हातारे मासेमार होते. जाळं टाकायला डोंग्यातून फिरायचे, म्हणजे एकाच लाकडात कोरलेल्या अरुंद होडीतून, तेही उभ्यानेच, हातात एक बांबू. महिनाभर त्यांनी जावयाचं पडणं गुमान पाहिलं. मग एकदा डोंगा जवळ आणून विचारलं, "काहून जी साहेब, हे उभ्यानं चालवून राहिले? बसाले जागा नाई का त्याच्यात?"

"हे उभं राहूनच चालवतात बाबाजी. खेळ आहे हा. तोल सांभाळायचा असतो."

"हाव का?" म्हाताऱ्याने आपल्या पायांकडे पाहिलं. "मंग आमी जलमभर खेळूनच राहिलो म्हना की."

नवऱ्याला ते लागलं की नाही, कळलं नाही. पुढच्या महिन्यात तो उभा राहायला शिकला, आणि वर्षभरात सरळ रेषेत तलावाच्या या काठावरून त्या काठाला जाऊ लागला. तेवढ्यावर थांबला असता तर मी त्याचं कौतुकच केलं असतं. पण सरळ जाणाऱ्या माणसाला लवकरच कंटाळा येतो. त्याने फोनवर लाटा पाहिल्या.

आता घरात जेवताना छोट्या फळीची चर्चा सुरू झाली. मोठी फळी लाटेवर नाक खुपसते, वळत नाही. वल्हं तेच, पण लाटेसाठी आखूड, निमुळती, कडक फळी हवी, ती चटकन वळते. हे खरंच आहे, मी नंतर स्वतः अनुभवलं. पण या फळ्या फुटांबरोबर लिटरातही मोजतात, हे कळल्यावर सासूबाईंचा घास थांबला.

"फळी लिटरात मोजतेत? आत काय भरतेत व?"

"काही नाही आई, फळी किती वजन पेलते ते लिटरवरून कळतं," मी म्हटलं. तरंगण्याचा नियम मी दरवर्षी वर्गात शिकवते, तो जेवणाच्या ताटावरही शिकवला. शंभर लिटरची फळी म्हणजे शंभर किलोला ती पाण्याच्या बरोबरीला येणार, फळीचं स्वतःचं वजन धरलं तर त्याच्या आधीच. म्हणून नवशिक्याने आपल्या वजनाहून बरेच जास्त लिटर घ्यावेत. छोटी फळी घ्यायची तर एकतर कसब पाहिजे, नाहीतर माणूस हलका पाहिजे.

"मंग याचं काय हाय?" सासूबाईंनी लेकाकडे पाहून विचारलं. लेक उठून हात धुवायला गेला.

दोन दिवसांनी त्याने विकणाऱ्याला फोन लावला. विकणारा कोकणातला होता. फोन स्पीकरवर, मी पोळ्या लाटत होते.

"वजन किती साहेब तुमचं?"

"अठ्ठ्याहत्तर."

माझं लाटणं थांबलं. अठ्ठ्याहत्तर तो लग्नात होता.

"आणि अनुभव?"

"दोन वर्षं. रेग्युलर."

"कुठल्या किनाऱ्यावर?"

नवऱ्याने माझ्याकडे पाठ केली. मग म्हणाला, "भंडारा."

"भंडारपुळे होय! गणपतीपुळ्याच्या बाजूला. वा, मस्त लाट असते तिथे."

"हो," माझा नवरा म्हणाला. "असते."

विकणाऱ्याने तरी बिचाऱ्याने साडेनऊ फुटी, दीडशे लिटरची सुचवली. जरा रुंद आहे, सवय होईपर्यंत बरी, म्हणाला. नवऱ्याने त्याला मध्येच तोडलं आणि साडेआठ फुटी, एकशे पंधरा लिटरची मागितली.

त्याच आठवड्यात आम्ही माझ्या भावाबरोबर धान भरडायला राइस मिलमध्ये गेलो होतो. पोती तोलून झाली तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "जरा काट्यावर उभे राहता का? फोनवर अठ्ठ्याहत्तर सांगितलंत, मागवण्याआधी एकदा बघू." भाऊ समोर असल्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. काट्याने चौऱ्याण्णव दाखवले.

"हा धानाचा काटा आहे," तो म्हणाला. "माणसाचं बरोबर दाखवत नाही."

भाऊ म्हणाला, "ओल कापा जी भाऊजी. धान ओला हाय म्हून वजन कापतेत, तशी. पण सोळा किलो ओल तं बुडलेल्या धानाची बी नाई निंघत."

फळी तरीही मागवलीच. ती ट्रान्सपोर्टने आली, पुठ्ठ्यात आणि बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून. पहिल्या रविवारी तलावात उतरवली. तो तिच्यावर गुडघे टेकून बसला तर पाणी मांड्यांपर्यंत. उभं राहायला गेला तर फळी बाजूला निसटून दहा हात दूर, आणि हा पाण्यात. दुपारपर्यंत असंच चाललं. म्हातारे मासेमार डोंगा थांबवून पाहत होते. शेवटी त्यांनीच फळी बांबूने ओढून काठाशी आणून दिली. मग उभ्यानेच बांबू रेटत निघून गेले.

घरी येताना नवऱ्याने कारण सांगितलं. ही फळी संथ पाण्याची नाहीच. लाट आली की लाटच तिला उचलते, मग ती स्थिर होते. आता या म्हणण्याला थोडा आधार आहे, वेगात असलेली फळी स्थिर वाटतेच. पण त्याला ते म्हणणं एवढं प्रिय होण्याचं कारण वेगळं होतं. अख्ख्या भंडारा जिल्ह्यात त्याला खोटं पाडायला एक लाट नव्हती.

म्हणून दिवाळीच्या सुटीत आम्ही पुरीला निघालो. टपावर फळी बांधलेली, मागच्या सीटवर सासूबाई, त्यांना दर्शन घ्यायचं होतं. रायपूरच्या पुढे एका हवालदाराने गाडी थांबवली आणि टपावर काय आहे ते विचारलं. नवऱ्याने उत्साहाने पाच मिनिटं समजावलं. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि "माताजी, आप भी करती हैं?" असं विचारून आम्हाला सोडलं.

पुरीच्या गर्दीपासून दूर एका किनाऱ्यावर फळी शिकवणारा एक माणूस होता. काटकुळा, काळाभोर, चाळिशीचा. त्याने आधी फळी पाहिली, मग माझ्या नवऱ्याला, मग पुन्हा फळीला.

"सर, ये आपके लिए छोटा है. मेरा बड़ा वाला ले लो, दो दिन."

"नहीं नहीं. हमें छोटे की आदत है."

पहिल्या दिवशी समुद्राने त्याला फळीवर नीट बसूही दिलं नाही. फेस यायचा, फळी एकीकडे, जॅकेट वर, नवरा खाली. दुसऱ्या दिवशी वल्हं लागून ओठ सुजला. तिसऱ्या दिवशी गुडघा धरून तो वाळूत बसला आणि म्हणाला, "इकडची लाट आखूड आहे. लांब लाट पाहिजे याला."

"तलावातली लांब होती का?" मी विचारलं. ते बोलायला नको होतं. त्याचा ओठ खरंच दुखत होता. पण तीन दिवस मी वाळूत बसून टॉवेल सांभाळत होते.

शिकवणाऱ्याने फळी ओढून आणली आणि मला विचारलं, "मैडम, आपका वज़न?"

"अट्ठावन."

"तो ये बोर्ड आपका है."

मी नवऱ्याकडे पाहिलं नाही, सासूबाईंकडे पाहिलं. अंगात सलवार-कुर्ता, समोर अनोळखी पुरुष, किनाऱ्यावर माणसं. सासूबाईंनी हात पुढे केला. "चश्मा दे इकडं. जा."

पहिल्या अर्ध्या तासात मी किती वेळा पडले ते मोजलं नाही. नाकातून, कानातून खारं पाणी. पण पाण्याची भीती नव्हती, पडलं तर पोहता येत होतं, आणि फळी माझ्याखाली बुडत नव्हती. आधी वल्हं हातात धरून गुडघ्यांवर जमलं. मग शिकवणाऱ्याने मागून फळी ढकलली आणि ओरडला, "उठो!" मी उठले. फुटलेल्या लाटेचा पांढरा फेस मागून आला, फळीने एकदम वेग घेतला आणि मी उभीच होते. आठ-दहा सेकंद असेल. मी पुढे बघायला हवं होतं, पण मला फक्त माझे पाय दिसत होते. उघडे, ओले, कोणीही पाहावेत असे. सातवीनंतर पहिल्यांदा. मग फळी वाळूला लागली आणि मी तोंडावर आपटले. हसत होते की रडत होते, सांगता येणार नाही, तोंडात वाळू होती.

सासूबाई धावत आल्या. "तुले तं आला व! त्याले काहून नाई आला?" हे त्यांनी सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

नवरा लंगडत आला. "वल्हं उलटं धरलं होतंस," म्हणाला. ते खरं होतं. मी उलटंच धरलं होतं. आणि जे खरं असतं त्याचा राग जास्त येतो.

परत आल्यावर मला वाटलं होतं, घरात फळीचा विषय बंद होईल. तसं झालं नाही. पहिल्यांदा पाहुणे आले तेव्हा दिवाणखान्यातून त्याचा आवाज ऐकला. "हिच्यासाठीच निवडली ना मी ती. अठ्ठावन्न किलोला एकशे पंधरा लिटर, एकदम परफेक्ट. मोठी घेतली असती तर हिला वळवताच आली नसती."

मी चहा घेऊन दारात उभी होते. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्याला खोटं पाडलं नाही. याला कोणी माझा मोठेपणा म्हणू नये. खोटं उघडं पडलं असतं तर त्याने रागाच्या भरात ती फळी दुसऱ्याच दिवशी कोणाला तरी देऊन टाकली असती. मला फळी हवी होती. चहा दिला आणि "हो, यांनीच निवडली," म्हटलं. ते वाक्य अजूनही मला नीट पचलेलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात सासूबाई आणि मी दोघीच पुरीला गेलो, गोंदियाहून रेल्वेने. फळी घरीच ठेवली, शिकवणाऱ्याकडे त्याच मापाची मिळाली. नवऱ्याला रजा मिळाली नाही, असं तो म्हणाला. पोचल्यावर दुसऱ्या सकाळी मी चार लाटा घेतल्या, चौथीवर तर थोडी वळलेही. पाण्यातून बाहेर आले तेव्हा सासूबाई ओल्या वाळूत पाय पसरून बसल्या होत्या आणि फोन कानाला होता.

"हाव, राहते ना उभी. चांगली राहते," त्या लेकाला सांगत होत्या. "तू जेवला का?"